भंडारा जिल्ह्यातील फायबर ब्रॉडबँड

भंडारा जिल्ह्यातील फायबर ब्रॉडबँड म्हणजे महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील भंडारा जिल्ह्यात प्रकाशीय तंतूच्या केबलद्वारे घरोघरी पुरवली जाणारी आंतरजाल सेवा होय. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूतून प्रकाशाच्या स्पंदनांनी माहिती वाहून नेणारी ही सेवा जिल्ह्यात प्रामुख्याने २०१० नंतरच्या दशकात रुजली आणि तिने तांब्याच्या दूरध्वनी तारेवर चालणाऱ्या ब्रॉडबँडची जागा घेतली. प्रस्तुत लेखात या सेवेची पार्श्वभूमी, घरात जोडणी बसवण्याची पद्धत आणि एक सेवापुरवठादार सोडून दुसरा घेताना होणारी प्रक्रिया यांची माहिती दिली आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर हे जिल्ह्याचे सात तालुके होत. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. २०११च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ असून तिच्यापैकी सुमारे ८० टक्के लोक खेड्यांत राहतात. पाचशेहून अधिक ग्रामपंचायती, वैनगंगा व तिच्या उपनद्या, शेकडो मालगुजारी तलाव, धानाची बांधी आणि उत्तर व पूर्वेकडील जंगल असा हा प्रदेश आहे. केबल टाकणाऱ्याच्या दृष्टीने ही भूमी सोपी नाही. पावसाळ्यात बांधीतून खोदकाम करता येत नाही. कोका किंवा नागझिरा या अभयारण्यांच्या परिसरात वनजमीन ओलांडायची झाल्यास वनविभागाची परवानगी लागते.

उलटपक्षी, जिल्ह्यातून जाणारे दोन मोठे मार्ग सेवेला अनुकूल ठरले. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ (पूर्वीचा ६) भंडारा, लाखनी व साकोली या गावांतून जातो, तर मुंबई–हावडा लोहमार्गावर भंडारा रोड (वरठी) व तुमसर रोड ही स्थानके आहेत. दूर पल्ल्याच्या प्रकाशीय केबल बहुधा अशाच रस्त्यांच्या व रुळांच्या कडेने टाकल्या जातात. भारतीय रेल्वेच्या रुळांलगतच्या केबलचा व्यवसाय करण्यासाठी २०००मध्ये रेलटेल ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली, व तिची ‘रेलवायर’ ही घरगुती सेवा स्थानिक भागीदारांमार्फत दिली जाते. त्यामुळे महामार्गालगतचे गाव आणि त्यापासून दहा-पंधरा किलोमीटर आत असलेले गाव यांच्या सेवेत मोठे अंतर पडते. नकाशावर ते दिसत नाही, परंतु जोडणी मागायला गेल्यावर लगेच कळते.

इतिहास

भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हटले. भारत संचार निगम (बीएसएनएल) या सरकारी कंपनीने जानेवारी २००५मध्ये ‘डेटावन’ या नावाने दूरध्वनीच्या तारेवरील ब्रॉडबँड सेवा आणली. बीएसएनएलच्या रचनेत भंडारा दूरसंचार जिल्ह्यामध्ये गोंदियाचाही समावेश होतो. महसुली जिल्हा विभागला गेला तरी दूरध्वनीचा जिल्हा एकच राहिला.

तांब्याच्या तारेवरील सेवेची मर्यादा तारेच्या लांबीत होती. दूरध्वनी केंद्रापासून घर जितके लांब, तितका वेग कमी. तीन-चार किलोमीटरपलीकडच्या वस्तीत ही सेवा नावापुरतीच राही. शिवाय तांबे विजेचे वाहक असल्याने पूर्व विदर्भातील वळवाच्या वादळात वीज पडली की तारेवाटे मोडेम जळणे ही नेहमीची तक्रार होती. तांब्याला बाजारात भाव असल्याने तारांची चोरीही होत असे. प्रकाशीय तंतूला या तिन्ही अडचणी फारशा लागू होत नाहीत. काच वीज वाहत नाही व भंगारात विकली जात नाही. मात्र खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या केबलमध्ये आधारासाठी पोलादी तार असू शकते, आणि घरातील यंत्र विजेच्या प्लगलाच जोडलेले असते. त्यामुळे वादळात प्लग काढून ठेवण्याची सवय अद्याप उपयोगाचीच आहे.

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेण्याच्या राष्ट्रीय योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी मान्यता दिली. ‘नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ हे तिचे मूळ नाव २०१५मध्ये बदलून ‘भारतनेट’ करण्यात आले. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी हे काम स्वतःकडे घेतले. त्यांत महाराष्ट्र होता, आणि राज्यात ते ‘महानेट’ या नावाने ओळखले जाते. पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत केबलची एकच सरळ रेघ असे. वाटेत कोठेही ती तुटली की पुढची सर्व गावे बंद पडत. रस्ता रुंदीकरणाच्या काळात हे वरचेवर घडते. ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात म्हणूनच वर्तुळाकार जोडणीचा आग्रह धरला आहे, जेणेकरून एका बाजूने तार तुटल्यास दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहील. याच कार्यक्रमात पाच वर्षांत ग्रामीण भागात दीड कोटी घरगुती जोडण्या देण्याचे उद्दिष्ट आहे.

खासगी क्षेत्रात रिलायन्स जिओची ‘जिओफायबर’ सेवा ५ सप्टेंबर २०१९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. त्याच महिन्यात एअरटेलने आपली फायबर सेवा ‘एक्सस्ट्रीम’ या नावाने मांडली. बीएसएनएलची ‘भारत फायबर’ त्याच वर्षाच्या आरंभी आली होती. मार्च २०२०मधील टाळेबंदीने शाळा-महाविद्यालये घरात आणली व मागणी अचानक वाढली. २०२०च्या उत्तरार्धात जिओने ३९९ रुपये व बीएसएनएलने ४४९ रुपये (दोन्ही कर वगळून) मासिक दराने ३० एमबीपीएसच्या योजना जाहीर केल्या. या दरांमुळे फायबर ही महानगरांपुरती चीज राहिली नाही. जानेवारी २०२३पासून देशात किमान २ एमबीपीएस वेगाच्या जोडणीलाच ब्रॉडबँड म्हटले जाते.

गरज कोणाला

जिल्ह्यात या सेवेचा वापर करमणुकीपुरता मर्यादित नाही. आधारभूत केंद्रावर धान विकण्यासाठी शेतकऱ्याची ऑनलाइन नोंदणी व्हावी लागते. सातबारा, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज ही कामे आपले सरकार सेवा केंद्रातून होतात. अकरावीचे प्रवेश २०२५–२६ या वर्षापासून राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागल्याने पवनी किंवा लाखांदूरच्या विद्यार्थ्यालाही ठरावीक मुदतीत पसंतीक्रम भरावा लागतो. अशा शेवटच्या दिवशी जोडणी बंद असणे ही केवळ गैरसोय नसते. सेवा बदलण्याचा दिवस निवडताना हे भान ठेवावे लागते. धान नोंदणी, प्रवेश किंवा परीक्षा-अर्ज यांच्या मुदतीच्या आठवड्यात बदल टाळणे हेच शहाणपणाचे.

तांत्रिक रचना

घरगुती फायबरमध्ये ‘जीपॉन’ ही पद्धत सर्वत्र रूढ आहे. केंद्रातील यंत्रातून निघालेला एक तंतू वाटेत विभाजक पेट्यांमधून ३२, ६४ किंवा १२८ घरांमध्ये वाटला जातो. विभाजक म्हणजे निव्वळ काचेची मांडणी असून त्याला वीज लागत नाही. खाली येणारी माहिती १४९० नॅनोमीटर व वर जाणारी १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर चालते, त्यामुळे एकाच तंतूतून दोन्ही दिशांची वाहतूक होते. एका शाखेवर खाली सुमारे २.५ गिगाबिट व वर सुमारे १.२५ गिगाबिट प्रतिसेकंद इतकी क्षमता सर्व घरांत मिळून वापरली जाते. केंद्रापासून घरापर्यंतचे अंतर साधारणतः २० किलोमीटरपर्यंत चालते. ग्रामीण भागात तांब्यापेक्षा फायबर सरस ठरण्याचे हे मुख्य कारण होय.

दर विभाजनाला प्रकाश कमी होतो. एकाचे दोन केले की प्रत्येक शाखेला निम्मा. घरात पोचणाऱ्या प्रकाशाची तीव्रता डीबीएम या एककात मोजतात. −१५ ते −२५ डीबीएम ही चांगली स्थिती मानली जाते, आणि −२७च्या खाली गेल्यास सेवा तुटक होऊ लागते. ‘नेट हळू चालते’ या तक्रारीमागे पुष्कळदा हाच आकडा असतो. केबलला पडलेली तीव्र घडी, सांध्यातील धूळ किंवा घाईत केलेला जोड ही त्याची कारणे. वानरे व खारी केबल कुरतडतात, ही बाब हास्यास्पद वाटली तरी खरी आहे. वाराणसीत वानरांनी घाटांवरील केबल खाल्ल्याच्या बातम्या २०१५मध्ये आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थांनी दिल्या होत्या.

काही स्थानिक केबलचालकांच्या जाळ्यात मात्र खांबावरील पेटीत विजेवर चालणारी यंत्रे असतात. अशा ठिकाणी ग्राहकाच्या घरी वीज असूनही पलीकडच्या गल्लीतील वीज गेली म्हणून सेवा बंद पडते. विद्युत भारनियमन किंवा वादळानंतरचा अंधार यांची सवय असलेल्या गावांत हा फरक महत्त्वाचा ठरतो.

जोडणी बसवणे

जोडणीची सुरुवात ‘व्यवहार्यता तपासणी’ने होते. ग्राहकाच्या पत्त्याजवळ कंपनीची विभाजक पेटी आहे का आणि तीत रिकामी जागा आहे का, हे पाहिले जाते. गाव यादीत असणे म्हणजे घर यादीत असणे नव्हे. एकाच प्रभागात मुख्य रस्त्यावर सेवा असते आणि मागच्या गल्लीत नसते. म्हणून शेजाऱ्याकडे कोणाची केबल आली आहे हे पाहणे हा सर्वांत विश्वासार्ह पुरावा समजला जातो.

त्यानंतर ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा घेतला जातो. भाड्याने राहणाऱ्यांस भाडेकरार किंवा घरमालकाची संमती लागते. शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २ ऑगस्ट २०२४ रोजी काढलेल्या व १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झालेल्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार पैसे भरल्यापासून ७ दिवसांत ९८ टक्के जोडण्या सुरू होणे अपेक्षित आहे. आधीच्या २००६च्या नियमात ही मुदत १५ कामकाजाच्या दिवसांची होती.

प्रत्यक्ष काम दोन माणसांत एक-दोन तासांचे असते. खांबावरील पेटीतून घरापर्यंत चपटी काळी केबल ओढली जाते. भिंतीला किंवा खिडकीच्या चौकटीला भोक पाडून ती आत घेतात. कौलारू घरांत ती बहुधा वळचणीखालून घेतली जाते. पावसाचे पाणी केबलवरून ओघळत घरात शिरू नये म्हणून भोकाच्या बाहेर केबलला खाली झुकलेला लहानसा फेर देणे आणि भोक बाहेरच्या बाजूला उतरते ठेवणे आवश्यक असते. यानंतर तंतूचे टोक सोलून, स्वच्छ करून, काटकोनात कापून जोडले जाते. विजेच्या ठिणगीने वितळवून केलेला सांधा हा दाबून बसवलेल्या जोडापेक्षा टिकाऊ व कमी प्रकाश खाणारा असतो. यंत्रात बसणारे हिरव्या रंगाचे टोक तिरपे घासलेले असते. निळे टोक त्यात घातल्यास ते बसल्यासारखे वाटते, पण प्रकाश परत फिरतो.

घरातील यंत्राला तांत्रिक भाषेत ‘ओएनटी’ म्हणतात. बोलीत मोडेम, राउटर किंवा नुसता डबा. त्यावरील ‘पॉन’ दिवा स्थिर हिरवा असणे म्हणजे केंद्राशी संपर्क झाला. ‘एलओएस’ दिवा लाल असणे म्हणजे प्रकाशच पोचत नाही, आणि त्यावर यंत्र बंद-चालू करून उपयोग होत नाही. डबा कोठे ठेवावा याबाबत बसवणाऱ्याची सोय आणि घरच्यांची गरज यांत नेहमीच ओढाताण होते. दाराजवळचा कोपरा केबल वाचवतो, परंतु मातीच्या किंवा विटांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा वायफाय संदेश फारसा जात नाही. घराच्या मध्यावर, पुरुषभर उंचीची जागा त्यासाठी चांगली. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस संजय सरोवरातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला पूर येऊन भंडारा शहराच्या सखल भागांत पाणी शिरले होते. तशा वस्त्यांत यंत्र व प्लग उंचावर असण्याला वेगळाच अर्थ आहे. अनेक यंत्रे १२ व्होल्टवर चालत असल्याने लहान बॅटरी-यूपीएसवर ती काही तास तग धरतात.

सेवापुरवठादार बदलणे

मोबाइल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभरात २० जानेवारी २०११ रोजी उपलब्ध झाली. घरगुती ब्रॉडबँडला तशी कोणतीही व्यवस्था नाही. येथे ‘बदलणे’ म्हणजे एक नवीन जोडणी घेणे आणि एक जुनी जोडणी बंद करणे ही दोन स्वतंत्र कामे होत, व ती एकमेकांशी जुळवण्याची जबाबदारी पूर्णतः ग्राहकावर असते. स्थिर दूरध्वनी क्रमांकही सोबत नेता येत नाही. ०७१८४ने सुरू होणारा वर्षानुवर्षांचा क्रमांक बँकेत, दवाखान्यात किंवा दुकानाच्या पाटीवर दिलेला असेल तर तो आधी बदलून घ्यावा लागतो. सेवापुरवठादाराने दिलेला ईमेल पत्ता वापरात असल्यास त्याचीही हीच गत होते.

या दोन कामांचा क्रम चुकल्यास बहुतेक अडचणी उद्भवतात. जुनी सेवा रागाच्या भरात आधी बंद केली आणि नव्या कंपनीच्या पेटीत जागाच नाही असे निघाले, तर घर आठवडेच्या आठवडे जोडणीविना राहते. यासाठी नवी सेवा सुरू होऊन काही दिवस नीट चालल्यावरच जुनी बंद करण्याचा प्रघात आहे. काही दिवस दुहेरी शुल्क पडते, पण ते स्वस्तात पडते असेच म्हणावे लागेल. नवी केबल ओढणाऱ्यांना जुनी केबल कापू वा काढू न देणे हा याच खबरदारीचा भाग होय. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरलेल्या योजनेत उरलेल्या काळाची रक्कम परत मिळेलच असे नसल्याने मुदतीच्या अखेरीस बदल करणे सोयीचे ठरते.

जिल्ह्यासारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट पाहावी लागते. कंपनीचे नाव वेगळे असले तरी शेवटच्या टप्प्यातील केबल आणि तिची देखभाल करणारा माणूस एकच असू शकतो. बीएसएनएलची फायबर सेवा मोठ्या प्रमाणावर महसूल वाटून घेणाऱ्या स्थानिक भागीदारांमार्फत दिली जाते, आणि पूर्वीचे दूरचित्रवाणी केबलचालकच अनेक ठिकाणी अशा कामात उतरले आहेत. एकच चालक दोन-तीन कंपन्यांच्या जोडण्या विकत असेल, तर ‘बदल’ म्हणजे त्याच तंतूवर यंत्रातील मांडणी बदलणे इतकेच. तेव्हा काम तासाभरात होते, परंतु जुनी तक्रार खांबावरील सैल जोडाची असेल तर ती नव्या नावाखालीही कायम राहते. बदलण्यापूर्वी बिघाड नेमका घरातील वायफायचा, गल्लीतील केबलचा की कंपनीच्या पुढच्या जाळ्याचा, हे ओळखणे म्हणूनच महत्त्वाचे. संगणक थेट तारेने यंत्राला जोडून वेग मोजला आणि तो योजनेइतका मिळाला, तर दोष वायफायचा आहे आणि कंपनी बदलून काहीही साधणार नाही. फक्त संध्याकाळी आठ ते अकरा या वेळेत वेग पडत असेल तर शाखेवर घरे जास्त झाली आहेत असा संशय घ्यावा.

जुनी जोडणी बंद करण्याचा अर्ज लेखी किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपवरून करून त्याचा क्रमांक जपून ठेवावा लागतो. वायरमनला तोंडी सांगणे किंवा रिचार्ज न करणे म्हणजे सेवा बंद करणे नव्हे. मासिक बिलाच्या योजनेत थकबाकी त्यामुळे वाढतच जाते. यंत्र कंपनीच्या मालकीचे असल्यास ते चार्जरसह परत करून पोच घेणे आवश्यक असते. अनामत रक्कम २०२४च्या नियमांनुसार ४५ दिवसांत परत व्हावयास हवी. यंत्र स्वतः विकत घेतलेले असले तरी ते दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर चालेल याची खात्री नसते, कारण मोठ्या खासगी कंपन्यांची यंत्रे त्यांच्याच सेवेला बांधलेली असतात.

घरात वायफायवर चालणारी उपकरणे अनेक असल्यास नव्या यंत्राला जुनेच वायफाय नाव व तोच संकेतशब्द दिल्याने ती आपोआप जोडली जातात. सीसीटीव्ही कॅमेरे बाहेरगावाहून पाहणाऱ्यांना मात्र वेगळी अडचण येऊ शकते. पुष्कळ कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून थेट घरच्या यंत्राशी संपर्क साधता येत नाही. त्यासाठी स्थिर आयपी पत्ता जादा शुल्क भरून घ्यावा लागतो.

केबल न पोचलेल्या वस्त्यांसाठी २०२३पासून ५जी लहरींवर चालणारी ‘एअरफायबर’ ही सेवा जिओ व एअरटेल यांनी सुरू केली. नावात फायबर असले तरी घरापर्यंत तंतू येत नाही. गच्चीवर किंवा खिडकीत संदेशग्राहक बसवला जातो. मनोऱ्यापासूनचे अंतर, झाडी आणि गर्दीची वेळ यांचा तिच्या वेगावर परिणाम होतो.

तक्रार निवारण

बिघाडाची किंवा बिलाची तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा लागतो. ट्रायच्या २०१२च्या नियमांनुसार मुदतीत समाधान न झाल्यास ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते, आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हावा लागतो. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. त्यापुढे दूरसंचार विभागाच्या लोकतक्रार व्यवस्थेकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर जाता येते. बिघाड तीन दिवसांहून अधिक काळ राहिल्यास शुल्कात सूट किंवा मुदतवाढ देण्याची तरतूद २०२४च्या नियमांत आहे.

ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. दूरध्वनी व आंतरजाल सेवेच्या वादांत जुन्या तार कायद्यातील लवादाची तरतूद ग्राहक आयोगाच्या आड येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अगरवाल या प्रकरणात दिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात तक्रार दाखल करू शकतो. कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी तुमसरच्या ग्राहकाला भंडारा येथील जिल्हा आयोगापुढे जाता येते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असून ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. अर्ज, पावती, यंत्र परत केल्याची पोच आणि तक्रार क्रमांक हीच तेथे मुख्य कागदपत्रे ठरतात.

केबल टाकण्याचे नियम

रस्त्याकडेने केबल टाकण्यासाठी परवानगी देण्याची पद्धत केंद्राच्या नोव्हेंबर २०१६च्या मार्गाधिकार नियमांनी ठरवली होती. त्यांची जागा १ जानेवारी २०२५पासून नव्या नियमांनी घेतली. खोदकामात केबल तुटू नये म्हणून खोदणाऱ्याने संबंधित कंपनीस आगाऊ कळवण्यासाठीचे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाले. शहरांतील गल्ल्यांत मात्र जमिनीखालच्या केबलपेक्षा विजेच्या व रस्त्यावरील दिव्यांच्या खांबांवरून लोंबणाऱ्या केबलच अधिक दिसतात. बंद केलेल्या जोडण्यांच्या केबल सहसा कोणी काढून नेत नाही, त्यामुळे एकाच खांबावर वापरातील व निकामी केबलचे वेटोळे साचत जाते, आणि बिघाड शोधायला आलेल्या माणसाचा पहिला अर्धा तास त्यातली आपली कोणती हे ओळखण्यातच जातो.